जुन्या सिव्हिकमध्ये दुसरे इंजिन आणि कॅलिफोर्नियाची स्मॉग चाचणी : खरेदीपासून रेफरीच्या लेबलापर्यंत

कॅलिफोर्नियात जुनी गाडी बाळगणाऱ्याला साधारणपणे दर दोन वर्षांनी स्मॉग चेकला, म्हणजे गाडीच्या धुराच्या सक्तीच्या तपासणीला, सामोरे जावे लागते. त्या गाडीत मूळच्या जातीचे इंजिन नसेल, तर नेहमीच्या स्मॉग स्टेशनवरचा तंत्रज्ञ बॉनेट उघडताच नकार देतो. त्याला दोष देता येत नाही, कारण इंजिन बदललेल्या गाडीवर राज्याने नेमलेल्या रेफरीचे, म्हणजे अशा खास गाड्या तपासणाऱ्या परीक्षकाचे, लेबल असल्याखेरीज तिला प्रमाणपत्र देण्याची त्याला मुभा नाही. बे एरिया आणि लॉस एंजेलिसच्या परिसरातील बऱ्याच मराठी मंडळींनी अलीकडे नव्वदच्या दशकातील होंडा, माझदा, टोयोटा हौसेने घेतल्या आहेत. त्यांपैकी अनेक गाड्यांत आधीच्या मालकाने दुसरेच इंजिन बसवलेले असते किंवा नव्या मालकाच्या मनात तो बेत शिजत असतो. अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून एकच गाडी शेवटपर्यंत घेतली आहे : १९९३ ची होंडा सिव्हिक डीएक्स आणि तिच्यात १९९४ किंवा १९९५ च्या ॲक्युरा इंटेग्रा जीएस-आर गाडीचे १.८ लिटरचे, १७० अश्वशक्तीचे बी१८सी१ इंजिन. ही जोडी जुनी, सर्वपरिचित आणि नियमांत बसणारी आहे. इतर गाड्यांचा तपशील वेगळा असला, तरी कामाचा क्रम तोच राहतो.

चाचणी लागते का, हे आधी ठरवा

पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक माफ आहे. ‘गाडी तीस वर्षांची झाली की सुटते’ ही समजूत मात्र अजून फिरते, कारण पूर्वी खरोखरच तशी सरकती सवलत होती. २००४ साली झालेल्या कायद्याने ती गोठवली आणि १९७६ पासूनच्या गाड्यांना चाचणी कायमची लागू झाली. डिझेल गाड्यांना १९९७ पर्यंतची माफी आहे. या सवलतीसाठी वर्ष मोजायचे ते गाडीचे, इंजिनाचे नव्हे. त्यामुळे १९७२ च्या गाडीत नवे इंजिन घातले तरी ती माफच राहते, आणि १९९३ च्या सिव्हिकमध्ये कितीही जुने इंजिन घातले तरी तिची सुटका होत नाही, उलट तसे करणेच नियमबाह्य ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे, खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे, त्याच मांडणीचे इंजिन बसवले असेल, तर नियमांच्या भाषेत तो इंजिनबदल नव्हेच. डीएक्सचे मूळ दीड लिटरचे इंजिन काढून तसलेच दुसरे बसवले, तर रेफरीकडे जाण्याचे कारण नाही आणि गाडी कोणत्याही स्मॉग स्टेशनवर नेता येते.

भारतातल्या गाडीबाबत हाच प्रश्न असेल, तर हा लेख उपयोगाचा नाही. तिकडे पेट्रोल पंपाबाहेरच्या पीयूसी केंद्रावर धूर मोजला जातो, इंजिन कोणते हे तिथे कोणी पाहत नाही. खरा अडसर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आणि आरसी बुकातील नोंदीचा असतो, आणि तो आरटीओतच सोडवावा लागतो.

इंजिन विकत घेताना

पुढे होणारा बहुतेक सगळा त्रास या टप्प्यावरच टाळता येतो. नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे आकडे नंतर सुधारता येतात. चुकीच्या जातीचे इंजिन मात्र कितीही स्वच्छ चालले तरी रेफरी ते नाकारतो. स्मॉग चेकचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या अटी थोडक्यात अशा आहेत : इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे; ते त्याच वर्गातील वाहनाचे असावे; ज्या उत्सर्जन मानकासाठी गाडी प्रमाणित झाली होती तेच किंवा त्याहून कडक मानक त्या इंजिनाने पाळलेले असावे; आणि ज्या गाडीतून ते आले तिची प्रदूषण नियंत्रणाची सर्व व्यवस्था त्याच्याबरोबर यावी.

वर्गाची अट लोक सर्वाधिक विसरतात. होंडाच्या सीआर-व्ही या गाडीचे दोन लिटरचे बी२० इंजिन स्वस्तात मिळते, सिव्हिकमध्ये सहज बसते आणि चालवायलाही मजेदार असते, म्हणून ते फार लोकप्रिय आहे. पण सीआर-व्ही हलक्या ट्रकच्या वर्गात प्रमाणित झालेली असल्याने ते इंजिन प्रवासी मोटारीत चालत नाही. कुणी असे इंजिन घातलेली सिव्हिक विकत असेल आणि ‘स्मॉगचे काही टेन्शन नाही’ म्हणत असेल, तर विषय तिथेच संपवावा.

जपानहून आलेल्या वापरलेल्या इंजिनांचेही असेच आहे. ती कमी चाललेली असतात आणि किमतीलाही बरी पडतात, पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या एखाद्या इंजिनाशी त्यांची मांडणी तंतोतंत जुळायला हवी आणि प्रदूषण नियंत्रणाचे भाग त्या अमेरिकी आवृत्तीचेच लावायला हवेत. तसे भावंडच अमेरिकेत नसलेले इंजिन घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

जीएस-आरचे बी१८सी१ इंजिन १९९४ पासून २००१ पर्यंत मिळत असे. मग मुद्दाम १९९४-९५ चेच का शोधावे? त्या दोन वर्षांतील इंटेग्रा आणि १९९२ ते १९९५ च्या सिव्हिक यांची इंजिनातील दोष स्वतः ओळखणारी संगणकीय व्यवस्था एकाच पिढीची, ओबीडी-१ ची आहे. त्यांचे प्लग, कनेक्टर आणि इंजिन कंप्युटर एकमेकांना जुळतात. १९९६ पासून ओबीडी-२ आले. त्या वर्षांचे इंजिन घेतले, तर त्याचा कंप्युटर, जादा ऑक्सिजन सेन्सर, निदानाचा सोळा पिनांचा सॉकेट आणि टाकीतील वाफा तपासणारी यंत्रणा, हे सारे जुन्या गाडीत चालते करावे लागते. ते अशक्य नाही, पण नवे इंजिन घेऊन त्याला जुन्या पिढीचा कंप्युटर जोडण्याचा जो आडमार्ग बहुतेक जण धरतात, तो रेफरीपुढे टिकत नाही. कारण मग ती मांडणी कोणत्याच कारखान्याने, कोणत्याच वर्षी प्रमाणित केलेली नसते. जास्त चाललेले का असेना, पण योग्य वर्षाचे इंजिन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ गाडी जंकयार्डात उभी असताना तिचे बॉनेट उघडून त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या उत्सर्जन लेबलाचा फोटो काढून ठेवावा. ते इंजिन कॅलिफोर्नियाच्या नियमांना धरून प्रमाणित आहे की केवळ इतर राज्यांसाठीच्या संघीय नियमांना, हे त्यावर छापलेले असते. तुमची सिव्हिक कॅलिफोर्नियासाठीची असेल, तर इंजिनही तसेच हवे. त्याच लेबलावर निर्वात नळ्यांची आकृती असते, ती जोडणीच्या वेळी फार कामी येते. शिवाय त्या गाडीचा चासी नंबर लिहिलेले बिल दुकानदाराकडून मागून घ्यावे. बी मालिकेच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या सांध्याजवळच्या सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. तो घासलेला दिसला किंवा विक्रेता बिल द्यायला टाळाटाळ करू लागला, तर ते इंजिन घेऊ नये, कारण चोरीच्या इंटेग्रा सुट्या करून विकण्याचा धंदा नवा नाही.

बसवताना : इंजिनाबरोबर त्याचा सगळा संसार आणावा

रेफरी बॉनेटखाली पाहतो तेव्हा ‘१९९५ च्या इंटेग्रामध्ये जे जे होते ते ते इथे आहे का’ हा एकच प्रश्न त्याच्यासमोर असतो. सिव्हिकचे काही आणि इंटेग्राचे काही अशी भेळ त्याला चालत नाही. म्हणून जीएस-आरचा इनटेक मॅनिफोल्ड, एअर बॉक्स, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डिस्ट्रिब्युटर, सर्व सेन्सर, क्रँककेसमधील वाफा परत इंजिनात नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह आणि टाकीतील वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याची जोडणी, हे सगळे मूळ गाडीतूनच काढून आणणे सर्वांत स्वस्त पडते. नंतर एकेक भाग शोधत फिरलात, तर खर्च इंजिनाच्या किमतीवर जातो.

इंजिन कंप्युटर पी७२ हाच हवा. तो १९९४-९५ च्या जीएस-आरचा आहे आणि त्याचा क्रमांक डब्याच्या लेबलावर वाचता येतो. सिव्हिकच्या एसआय मॉडेलमधील पी२८ कंप्युटरमध्ये चिप घालून इंजिन चालवण्याची पद्धत सर्रास आहे, ती रस्त्यावर चालते आणि रेफरीकडे अडते.

डीएक्सच्या वायरिंगमध्ये व्हीटेकसाठी, म्हणजे वेग वाढल्यावर वॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या होंडाच्या यंत्रणेसाठी, तारा नसतात, त्यामुळे कंप्युटरपर्यंत चार जोडण्या नव्याने न्याव्या लागतात : व्हीटेक सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) तार ए४ या पिनेवर, व्हीटेकच्या तेलदाब स्विचची डी६ वर, इंजिनातील ठोके ओळखणाऱ्या नॉक सेन्सरची डी३ वर आणि इनटेकमधील दुसरी वाट उघडणाऱ्या आयएबी सोलेनॉइडची ए१७ वर. नॉक सेन्सरची तार कवच असलेलीच घ्यावी, कारण साध्या तारेवर इग्निशनचा गोंगाट चढतो. जोड डकवून टेप गुंडाळण्याऐवजी सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पुढे चेक इंजिनचा दिवा लागण्याच्या निम्म्या तक्रारी या चार तारांपाशीच संपतात.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा असेल, तर कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरीचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक त्याच्या पत्र्यावर कोरलेला असला पाहिजे आणि ती मंजुरी इंटेग्राच्या त्या वर्षासाठी व त्या इंजिनासाठी असली पाहिजे. सिव्हिकसाठी मंजूर असलेला कन्व्हर्टर दिसायला तोच असला तरी चालत नाही. दुकानदाराला गाडीचे नाव सांगितले की तो हमखास सिव्हिकचाच देतो, म्हणून मागणी इंजिनाच्या नावाने करावी. कन्व्हर्टरची जागाही मूळ गाडीप्रमाणेच, इंजिनापासून तेवढ्याच अंतरावर असावी. मागे सरकवला तर तो वेळेवर तापत नाही.

बाजारू कोल्ड एअर इनटेक, हेडर, समायोज्य फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, वेगळे कॅमशाफ्ट यांनाही हाच नियम आहे. मंजुरीचा क्रमांक आणि बसवलेल्या इंजिनाशी त्याचा मेळ, या दोन्ही गोष्टी असतील तर ठेवा, नाही तर चाचणीपूर्वी काढून मूळ भाग लावा. चाचणीपुरते काढून नंतर पुन्हा लावणारे पुष्कळ आहेत. तो सल्ला मी देणार नाही, आणि दर दोन वर्षांनी हा व्याप करण्यात शहाणपणही दिसत नाही.

वायरी आणि नळ्या यांची माहिती असलेला पण इंजिनकाम न जमणारा वाचक असेल, तर आणखी एक वाट आहे. जनरल मोटर्सची शेव्हरोले परफॉर्मन्स शाखा ‘ई-रॉड’ नावाने कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, कोळशाचा डबा आणि कंप्युटर यांसह एअर बोर्डाची मंजुरी असलेले इंजिन संच विकत आली आहे. सिव्हिकमध्ये ते व्ही-८ धूड मावणार नाही, पण जुनी व्हॉल्व्हो किंवा पिकअप असलेल्यांनी तो पर्याय पाहावा.

रेफरीकडे जाण्यापूर्वी

किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हेसुद्धा नापास होण्याचे कारण आहे, म्हणून बल्ब शाबूत आहे ना ते बघावे. दिवा विझत नसेल, तर शेजारच्या सीटसमोर पायाशी, बाजूच्या आवरणामागे दोन पिनांचा निळा सर्व्हिस कनेक्टर असतो. त्याच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडून किल्ली ‘ऑन’ करावी. दिव्याची लांब उघडझाप म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, अशी बेरीज करत कोड वाचायचा. २१ हा व्हीटेक सोलेनॉइडचा, २२ तेलदाब स्विचचा, २३ नॉक सेन्सरचा, ४१ ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा आणि ४३ इंधनपुरवठ्याचा कोड आहे. तारांत घोळ झालेल्या गाडीत पहिले तीन भेटतातच.

इग्निशनचा टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, हाही तपासला जातो. हाच सर्व्हिस कनेक्टर जोडलेला ठेवून, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलवर टायमिंग लाइट पुलीवर धरावा. लाल खूण १६ अंशांवर यावी, दोन अंश इकडेतिकडे चालतात. डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट सैल करून तो अगदी थोडा फिरवत खूण जुळवावी. काम झाल्यावर ती तार काढायला विसरू नये.

बे एरिया, लॉस एंजेलिस यांसारख्या भागांत १९७६ ते १९९९ च्या गाड्यांची चाचणी रोलरवर होते. चालणारी चाके रोलरवर ठेवून, भार देऊन, गाडी आधी ताशी १५ मैल आणि मग ताशी २५ मैल वेगाने चालवतात आणि हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड व नायट्रिक ऑक्साइड मोजतात. म्हणजे हा सारा वेग साधारण ताशी चाळीस किलोमीटरच्या आत. जीएस-आरचे व्हीटेक मिनिटाला सुमारे ४४०० फेऱ्यांना जागे होते, त्यामुळे ज्या गुणासाठी एवढा खटाटोप केला तो चाचणीत प्रकटच होत नाही!

अधिकृत चाचणीपूर्वी एखाद्या स्मॉग स्टेशनवर प्री-टेस्ट करून घ्यावी. तिचा निकाल राज्याच्या वाहन खात्याकडे, म्हणजे डीएमव्हीकडे, जात नाही आणि छापील आकडे मात्र हाती येतात. ते आकडे एकत्र वाचायचे असतात. हायड्रोकार्बन एकटेच जास्त असतील, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे असे समजून प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि वॉल्व्हची फट तपासावी. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. थकलेला ऑक्सिजन सेन्सर, गळके इंजेक्टर किंवा वाढलेला इंधनदाब ही नेहमीची कारणे. पहिले दोन्ही अगदी कमी आणि नायट्रिक ऑक्साइड मात्र वर, असे चित्र या जोडीत वारंवार दिसते. त्याचा अर्थ ज्वलन गरजेपेक्षा जास्त तापते आहे : कुठेतरी निर्वात नळी गळते आहे, टायमिंग पुढे गेला आहे, रेडिएटर अपुरा पडतो आहे किंवा कन्व्हर्टर निकामी होत आला आहे. डीएक्सचा अरुंद रेडिएटर तसाच ठेवलेल्या गाडीत पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. तिन्ही आकडे थोडे थोडे वर असतील, तर बहुधा कन्व्हर्टरच संपला आहे, पण इतर दोष दूर केल्याशिवाय नवा बसवू नये. मिसफायर होणारे इंजिन नवा कन्व्हर्टरही जाळून टाकते.

१९९५ पर्यंतच्या गाड्यांची इंधनाच्या वाफांची गळतीही कमी दाबाची हवा भरून तपासतात. तीस वर्षांच्या गाडीत टाकीच्या तोंडाजवळची रबरी नळी आणि कोळशाच्या डब्याच्या नळ्या तडकलेल्या असतात, त्या हाताने वाकवून बघाव्यात. पेट्रोलच्या टाकीचे झाकण नवेच घ्यावे. सायलेन्सरमधून किंवा क्रँककेसमधून डोळ्यांना दिसणारा धूर आला, तर आकडे चांगले असूनही गाडी नापास होते.

पैसे घेऊन दुसऱ्याच गाडीचा धूर यंत्राला दाखवून प्रमाणपत्र देणारे लोक भेटतील. तो गुन्हा आहे, आणि लेबल नसलेल्या गाडीला तो कागद पुढच्या खेपेला काडीचाही उपयोगी पडत नाही.

रेफरीचा दिवस

रेफरीची केंद्रे राज्यभर, अनेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत आणि तिथे आधी वेळ ठरवूनच जावे लागते. वेळ लवकर मिळत नाही, म्हणून नोंदणी नूतनीकरणाची सूचना घरी येताच वेळ मागून टाकावी. बरोबर डीएमव्हीचा कागद, आधीचा स्मॉग अहवाल असल्यास तो, इंजिनाचे बिल, मूळ गाडीच्या लेबलाचा फोटो आणि मंजुरी असलेल्या प्रत्येक भागाच्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरची छापील प्रत न्यावी. इंजिनाचा क्रमांक आदल्या दिवशी चिंध्यांनी पुसून वाचता येण्याजोगा करावा. रेफरीला तेलाच्या थरातून तो शोधायला लावला, तर तपासणी उगाच लांबते.

निघताना घरापासून वीसेक मिनिटे फ्रीवेवरून जावे, म्हणजे कन्व्हर्टर पुरता तापतो. पोचल्यावर रांगेत असाल तरी इंजिन बंद न ठेवणे बरे. रेफरी आधी इंजिनाची ओळख पटवतो, मग भाग मोजतो, मग टायमिंग व गळती आणि शेवटी रोलर. तो काय पाहतो आहे ते विचारले तर सांगतो. वाद घातल्याने काही पदरात पडत नाही. त्रुटी निघाल्या, तर त्यांची यादी लेखी मिळते, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा येताना ती यादीच सोबत आणावी.

गाडी पास झाली, की कोणते इंजिन, कोणत्या वर्षाचे आणि त्यावर कोणकोणती नियंत्रणे अपेक्षित आहेत हे नोंदवलेले लेबल दाराच्या चौकटीत चिकटवले जाते. पुढच्या चाचण्या या लेबलाच्या आधारे कोणत्याही साध्या स्मॉग स्टेशनवर होतात, रेफरीकडे पुन्हा जावे लागत नाही. गाडी रंगवायला दिली, तर ते लेबल झाकून घेण्यास रंगाऱ्याला बजावून सांगावे.

हे सगळे होईपर्यंत नोंदणीची मुदत संपत आली, तर डीएमव्हीची फी वेळेत भरून टाकावी. प्रमाणपत्र मागाहून आले तरी चालते, फी उशिरा भरली तर मात्र दंड बसतो. फी भरलेली आहे पण गाडी चाचणीत नापास झाली आहे, अशा स्थितीत ५० डॉलर भरून ६० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. पुढे कधी ही सिव्हिक विकायची झाली, तर स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते आणि ते ९० दिवसच चालते. म्हणून गिऱ्हाईक पक्के झाल्यावरच चाचणी करावी, आणि इंजिनाचे बिल व लेबलाचे फोटो यांची फाईल किल्लीबरोबर नव्या मालकाच्या हाती द्यावी.